बाहेर किती, आत किती

तुमच्याकडे परदेशातून येणारी माणसं काय काय आणतात हो? आमच्याकडे आजवर चॉकलेटं आली, अत्तराच्या बाटल्या आल्या, एकदा कांदा चिरायचं यंत्र आलं (ते आमच्या जळगावच्या कांद्यांपुढे पहिल्याच दिवशी हरलं). गेल्या फेब्रुवारीत वन्सं जर्मनीहून आल्या, त्यांनी मात्र नानांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, एक घड्याळ आणलं. पुस्तकाएवढं, काटे नसलेलं. त्यात वेळ दिसते, तारीख दिसते आणि खाली दोन आकडे दिसतात: एक आतलं तापमान, एक बाहेरचं. बाहेरचं समजावं म्हणून सोबत साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी. ती बाहेर टांगायची. वायर वगैरे काही नाही. डबी रेडिओलहरींनी मिनिटा-मिनिटाला घड्याळाला निरोप धाडते.

मला वाटलं, आणखी एक शोभेची वस्तू. पुसायला एक वाढली.

वन्सं परत गेल्यावर एका दुपारी ते लावायला मीच बसले. चिनू क्लासला, हे ऑफिसात. आधी घड्याळात पेन्सिल सेल घातले, मग दूध उतू जायला आलं म्हणून उठले, चहा घेतला आणि अर्ध्या तासाने डबीत सेल घातले. बाहेरच्या आकड्याच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा! माहितीपत्रक जर्मनमध्ये, मागच्या बाजूला इंग्रजी. बी.ए.ला घेतलेलं इंग्रजी असल्या वेळी कामी येतं म्हणायचं. तर मैत्रिणींनो, तुमच्याकडे असं काही आलं तर क्रम उलटा करू नका. आधी बाहेरच्या डबीत सेल, मग लगेच घड्याळात. दोन्ही सुरुवातीला एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. घड्याळ पहिली काही मिनिटंच डबीला शोधतं. तेवढ्यात ती सापडली नाही की गप्प बसतं. मग दोन्हीकडचे सेल काढून पहिल्यापासून सुरुवात. ओळख पटली, आकडा उमटला, की मग डबी खुशाल बाहेर न्यावी. आणखी एक, चार्ज करायचे सेल घालू नका. साध्या सेलचा जोर दीड व्होल्टचा, त्यांचा सव्वाच्याही आत. आकडा मधूनच जातो आणि आपण डबीला दोष देत बसतो.

वेळेचा घोळ वेगळाच. कोपऱ्यात एक मनोऱ्याचं चिन्ह लुकलुकत होतं. वाचल्यावर कळलं की हे घड्याळ स्वतःची वेळ स्वतः लावतं. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेन म्हणून गाव आहे, तिथल्या केंद्रातून अणुघड्याळाची वेळ रेडिओवरून सतत पाठवली जाते, ती हे पकडतं. पण त्या केंद्राचा पल्ला साधारण दोन हजार किलोमीटर. जळगाव पडलं सहा हजारांच्याही पलीकडे. म्हणजे बिचारं रोज रात्री माहेरच्या हाकेची वाट बघणार आणि ती येणार नाही. बटण दाबून धरून वेळ हाताने लावली, वारांची नावं जर्मनमधून इंग्रजीत आणली आणि घड्याळ जिन्याने वर नानांच्या खोलीत नेऊन ठेवलं.

वरच्या खोलीबद्दल सांगायला हवं. आमचं घर खाली तीन खोल्यांचं, वर गच्ची आणि गच्चीवर एकच खोली. सासूबाई गेल्या त्याला चार वर्षं झाली. तोवर नाना खालच्या मधल्या खोलीत असत. चिनू यंदा दहावीला जाणार, तिला अभ्यासाला स्वतंत्र जागा हवी, म्हणून गेल्या दिवाळीनंतर नानांना वर हलवलं. हे सुचवलं मी. "वर शांतता आहे, वारा आहे, तुमचा रेडिओ मोठ्याने लावला तरी चालेल," असं मीच म्हटलं होतं. आणि ते खोटं नव्हतं. डिसेंबरात वर इतकं छान ऊन यायचं की मी सुद्धा वह्या तपासायला तिथे जाऊन बसत असे.

नाना पाटबंधारे खात्यात होते. नोकरीची पहिली बरीच वर्षं रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून नोंदवहीत लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यामुळे घड्याळ बघताच त्यांना चेव आला. चिनूची जुनी वही घेतली, पट्टीने रकाने आखले. मी डबी गॅलरीच्या पश्चिमेच्या जाळीला बांधून ठेवली होती. दुपारी चारला बाहेरचं तापमान दाखवलं ५१.८! मी धावत सांगायला गेले, तर नाना शांतपणे म्हणाले, "सूनबाई, शाळेत हेच शिकवता का?"

मग त्यांनी मला शिकवलं. तापमान मोजायचं ते हवेचं. उन्हात ठेवलेली डबी हवेचं नाही, स्वतःच्याच तापलेल्या अंगाचं तापमान सांगते. म्हणून वेधशाळेत तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात, जमिनीपासून चार एक फुटांवर, आणि पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत जात नाही. स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरची ही पेटी. (मी मागाहून शोधलं, हे 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्याचे वडील. वर्गात सांगितलं तर मुलांना पेटीपेक्षा तेच जास्त आवडलं.) आमच्याकडे पेटी कुठली, पण उत्तरेच्या सज्जाखाली, भिंतीला न चिकटता, दोरीला अधांतरी अशी डबी टांगली. कूलरच्या तोंडासमोर नाही, तुळशीला पाणी घालताना भिजेल अशीही नाही. आकडा लगेच माणसात आला. एक-दोनदा पुन्हा रेघा दिसल्या, तेव्हा कळलं की घड्याळ लोखंडी कपाटाच्या आडोशाला सरकलं होतं. लोखंड आणि सिमेंटच्या जाड भिंती लहरींना अडवतात. खिडकीपाशी ठेवल्यावर तक्रार मिटली.

घड्याळात एक बटण असतं, ते दाबलं की मागचं कमाल आणि किमान तापमान दिसतं. पाचवी-सहावीच्या भूगोलात आपण घोकलेलं कमाल-किमान. नाना रोज सकाळी साडेआठला ते लिहीत आणि बटण दाबून धरून जुनं पुसत. मार्च संपला, एप्रिल आला. जेवायला खाली आले की म्हणत, "काल बेचाळीस चार होतं." हे म्हणत, "नाना, मोबाईलवर दिसतं की." नाना म्हणत, "तो गावाचा आकडा. हा आपल्या सज्जाचा."

एप्रिलच्या शेवटी नाना न्हाणीघराच्या दाराशी तोल जाऊन भिंतीला टेकले. पडले नाहीत, एवढंच. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ पाहिली, रक्तदाब पाहिला, पाणी किती पिता म्हणून विचारलं. नानांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत एक गोळी लघवीवाटे पाणी बाहेर काढणारी आहे. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर तहान कमी लागते, घामही कमी येतो, आणि त्यात ही गोळी. उन्हाळ्यात अशा माणसांकडे लक्ष हवं. गोळीचं प्रमाण त्यांनी ठरवून दिलं आणि बजावलं की आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. मी मान डोलावली, घरी येऊन ताक-पन्ह्याचं वेळापत्रक केलं, आणि मनात म्हटलं, वय झालंय, दुसरं काय.

आता खरी गोष्ट. मी अर्धवेळ शिकवते, सहावीला भूगोल. मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्टीतल्या उपक्रमासाठी मुलांना तापमानाची नोंद कशी करतात ते दाखवावं असं मनात आलं. नानांची वही मागायला संध्याकाळी वर गेले. वही म्हणजे नमुनाच हो! तारखा, रकाने, वाटोळे आकडे. 'बाहेर : कमाल, किमान.' 'आत : कमाल, किमान.' बाहेरचे दोन्ही रकाने दोन महिने भरलेले. आतले दोन्ही कोरे.

"नाना, आतलं नाही लिहिलंत?"

"आतलं काय लिहायचं? ते हवामान नव्हे."

मी सहज बटण दाबलं. सकाळी साडेआठला पुसल्यापासूनचं आतलं कमाल ४१.३, किमान ३५.१. त्या दिवशी बाहेर कमाल होतं ४३.६. म्हणजे भर दुपारी उन्हात आणि नानांच्या खाटेवर अडीच अंशांचा सुद्धा फरक नव्हता. मला वाटलं, निदान रात्री तरी उतरत असेल. झाकपाक करून रात्री अकराला पुन्हा वर गेले. बाहेर ३३.२. आत ३८.४. पंखा पाचावर. नाना उघड्या अंगाने भिंतीकडे तोंड करून पडले होते, पाठीखाली ओला पंचा. झोपले नव्हते. मला बघून गडबडीने उठून बसले आणि सदरा शोधायला लागले.

मी खाली आले आणि ओट्याशी उभी राहिले. दिवाळीपासून मी त्या खोलीत रात्री एकदाही गेले नव्हते. दिवसा केर काढायला जायचे, तोही सकाळी.

त्याचं कारण अगदी साधं आहे आणि आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरात ते असणार. वर उघडा स्लॅब. दिवसभर तो ऊन पितो आणि जाड असल्यामुळे ती उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला काही तास घेतो. म्हणजे सूर्य मावळल्यावर गाव निवायला लागतं तेव्हा छत आत उष्णता टाकत असतं. नाना सांगतात, त्यांच्या लहानपणी गावाकडे धाब्याचं घर होतं, मातीच्या जाड छताचं. त्यात मे महिन्यात दुपारी गोधडी घेऊन झोपत. आणि पंख्याचं म्हणाल, तर पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगून ठेवलंय की खोली चाळीस अंशांच्या वर गेली की पंखा लावू नये, तो गरम हवाच अंगावर मारतो. ज्यांना घामच कमी येतो त्यांना तर त्याआधीही फारसा उपयोग नाही. अहमदाबादला २०१०च्या मे महिन्यातल्या लाटेत खूप माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी वेगळा कृती आराखडा केला, हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं. पण 'वृद्धांची काळजी घ्यावी' हे वाक्य फळ्यावर लिहिताना आपला जिना डोळ्यांपुढे येत नाही.

रात्री ह्यांना सांगितलं. "अगं, उन्हाळा सगळ्यांनाच आहे. आणि त्यांनाच वर आवडतं," हे म्हणाले. मी वाद घातला नाही. म्हटलं, "उद्या रात्री दहाला अर्धा तास नानांशी गप्पा मारायला जा. मोबाईल खाली ठेवून." दुसऱ्या दिवशी गेले. वीस मिनिटांनी खाली आले ते बनियन पिळत. काही बोलले नाहीत. बाटलीभर पाणी प्यायले.

पण नानांना खाली आणणं सोपं नव्हतं. "पोरीची दहावी आहे. मी आपला वर बरा आहे." चिनू म्हणाली, "आजोबा, मी वर जाते," तर तिच्यावरच रागावले. त्यांना गैरसोय व्हायचं नव्हतं. आतला रकाना दोन महिने कोरा का होता ते मला तेव्हा कळलं. आकडे ते रोज बघत असणारच. ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याचा थेंब न् थेंब लिहून ठेवला, त्याने आपल्या खोलीचं तापमान मुद्दाम लिहिलं नाही.

तेव्हा मी खात्याची भाषा वापरली. म्हटलं, "नाना, माझ्या मुलांना आत आणि बाहेर यांतला फरक शिकवायचाय. तुमची नोंद अपुरी आहे. आठ दिवस आतलंही लिहून द्या." अपुरी म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. आठ दिवस त्यांनी लिहिलं. आठही दिवस किमान पस्तिशीच्या आसपासच, साडेचौतीसच्या खाली एकदाही नाही. म्हणजे पहाटेसुद्धा नाही, आणि त्या वेळी बाहेर अठ्ठावीस-एकोणतीस असायचं. नवव्या दिवशी सकाळी वही टेबलावर ठेवत त्यांनी विचारलं, "खाली मधल्या खोलीत किती असतं?"

"मोजलं नाही. आज रात्री घड्याळ खाली ठेवू या?"

ठेवलं. किमान ३०.९. नानांनी ते लिहिलं, खाली रेघ मारली. दुपारी जेवताना म्हणाले, "खाट खिडकीजवळ हवी. आणि रेडिओ मी हळू लावीन." बस्स. चिनूचं टेबल आमच्या खोलीत आलं. पहाटे पाच ते आठ ती वर गच्चीत, उघड्यावर अभ्यासाला बसते, आणि तिचं म्हणणं, तिथेच जास्त पाठ होतं. आमची खोली म्हणजे आता चिंचेच्या डब्यासारखी झालीय. चालायचंच.

घड्याळाचा खरा उपयोग मला त्यानंतर कळला, तो सांगते, कारण तो कोणत्याही घरात चालेल. दोन्ही आकडे शेजारी असतात, त्यांची शर्यत बघायची. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा मोठा आहे तोवर खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाहेरचा उतरून आतल्याच्या खाली गेला की सगळं सताड उघडायचं. आमच्याकडे मे महिन्यात ती वेळ संध्याकाळी साडेसात-आठची निघाली आणि सकाळी बंद करायची साडेआठच्या सुमारास. इतकी वर्षं मी पाच वाजता, ऊन कललं म्हणून खिडक्या उघडत होते आणि बाहेरची भट्टी घरात घेत होते! कूलर मात्र याला अपवाद. तो चालू असताना समोरची खिडकी वीतभर उघडी हवीच, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते आणि अंग चिकचिकतं. आणि जूनमध्ये आभाळ भरून आलं की कूलरचा जोर आपोआप ओसरतो, त्याला हवा कोरडी लागते. तेव्हा त्यात बर्फ घालून पैसे वाया घालवू नका.

गच्चीला ह्यांनी आणि शेजारच्या भाऊजींनी मिळून दोन हात पांढरा चुना दिला, थोडा फेव्हिकॉल मिसळून, म्हणजे पायाला लागत नाही. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर द्यायचा, तापलेल्या स्लॅबवर दिला तर पापुद्रे सुटतात. चुन्यानंतर वरच्या खोलीचं कमाल साधारण अडीच अंशांनी उतरलं. हे आमच्या घरापुरतं सांगते, तुमच्या छतावर कमी-जास्त होईल. तरी नानांना मी वर जाऊ दिलं नाही.

एका रविवारी मला काय सुचलं कोण जाणे, घड्याळ स्वयंपाकघरात नेऊन फडताळावर ठेवलं, गॅसपासून लांब. पोळ्यांना बसले तेव्हा ३४.२. विसावी पोळी उतरली तेव्हा ३९.७. बाहेर त्या वेळी होतं छत्तीस. मी काही बोलले नाही, नुसतं घड्याळ ह्यांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं. पुढच्या आठवड्यात बाहेर हवा फेकणारा पंखा बसला. नऊ वर्षं मी तोंडाने सांगत होते हो!

पावसाळा लागल्यावर डबीचे सेल काढून पाहिले, तर एकावर पांढरी भुकटी. सेल पाझरला होता. लिंबाच्या रसात कापूस बुडवून टोकं पुसली, कोरडी केली, नवे सेल घातले, पहिल्यांदा डबीत, मग घड्याळात, या खेपेला न चुकता. तुम्हीही उन्हाळा संपला की एकदा उघडून बघा.

वन्संचा परवा फोन होता. दिवाळीला येणार आहेत. नानांनी त्यांना सांगितलं की येताना आणखी एक डबी आण, या घड्याळाला तीन डब्या चालतात, मागे एक-दोन-तीनचं बटण आहे. वन्संनी विचारलं, "आता कुठे लावणार?" नानांनी वहीत नवीन रकाना आधीच आखून ठेवलाय. वर लिहिलंय, 'स्वयंपाकघर.'